तीन गोळ्या आणि न उतरणारं बीपी

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या पुतणीचं लग्न होतं कराडला. कार्यालयात वरच्या मजल्यावर बायकांची झोपायची सोय, एका हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकलेल्या, वीसेक जणी तरी असू. हळद, मेंदी सगळं आटपून बारा वाजता आडव्या झालो आणि मला पडल्या पडल्या झोप लागली, मला ती लागतेच. पहाटे पाचला डोळा उघडला तर माझी धाकटी जाऊ माझ्या उशाशी बसलेली, डोळे लाल झालेले, हातात फोन. म्हटलं, "काय गं, झोपली नाहीस का?" तर म्हणाली, "ताई, जरा बाहेर चला."

जिन्यात उभं राहून तिने मला फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी घोरणं, चांगलं मोठं. मग एकदम काहीच नाही. पंख्याचा आवाज येतोय, लांब कुठेतरी कुत्रं भुंकतंय, कोणाच्यातरी बांगड्या वाजल्या, पण माझा श्वास नाही. जाऊ म्हणाली, मोजा. मी मनातल्या मनात आकडे मोजत गेले, तीस झाले, एकतीस, बत्तीस, आणि ३४ ला असा आवाज आला की विहिरीत बुडणारा माणूस पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढतो ना, तसा. मग परत घोरणं, परत शांतता. "ताई, हे रात्रभर चाललं होतं. तुम्हाला कुशीवर वळवलं की जरा बरं वाटायचं, परत उताण्या झालात की तेच. मला भीती वाटली म्हणून मी झोपलेच नाही." सकाळी साडेअकराचा मुहूर्त, हिच्या पोटच्या पोरीचं लग्न, आणि ही रात्रभर माझा श्वास मोजत बसलेली.

हे सगळं आज एवढ्यासाठी लिहितेय की त्या रात्रीच्या आधी पाच वर्षं मला बीपीच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या पाच वर्षांत एकाही माणसाने मला रात्री काय होतं हे विचारलं नव्हतं. झोपेत असा परत परत श्वास थांबतो त्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

माझं वय आता ५४. पतसंस्थेत कॅशला आहे. ४९ व्या वर्षी आमच्या पतसंस्थेत आरोग्य शिबिर झालं त्यात बीपी निघालं, पाळी जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा. पहिल्यांदा टेल्मिसार्टन ४० चालू झाली, मग ८०, मग त्याच्या जोडीला अम्लोडिपिन पाच आणि नंतर दहा, त्याने पाय सुजायला लागले, मग तिसरी क्लोरथॅलिडोन, लघवी जास्त व्हायची ती. घरातलं मशीन आणलं. संध्याकाळी बघितलं तर १४५ पर्यंत असायचं पण सकाळी उठल्या उठल्या १६०, १६५, एकदा १७२. उलटं व्हायला पाहिजे ना? माणूस रात्रभर झोपून उठलाय, सकाळी तरी बीपी खाली असायला हवं असं मला आपलं वाटायचं, पण विचारलं की उत्तर एकच, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका.

मीठ मी किती कमी करायचं? लोणचं बंद, पापड बंद, ठेचा बंद, भाकरीच्या पिठात मीठ घालणं बंद, घरातल्यांना वरून मीठ घ्यायला लावलं. तरी एकदा मला विचारलं गेलं की गोळ्या नक्की वेळेवर घेता ना, की विसरता? ते मला फार लागलं. मी कॅशियर आहे हो, दिवसभर मोजायचं आणि लिहून ठेवायचं हेच काम करते, गोळ्यांचं पाकीट मी तारखा घालून ठेवते. थायरॉइड बघितलं, किडनीची सोनोग्राफी झाली, साखर नॉर्मल, पोटॅशियम नॉर्मल. मग शेवटी ठरलं की मला टेन्शन आहे, आणि रात्री झोपताना टेन्शनची अर्धी गोळी सुरू झाली. ती किती चुकीची होती ते पुढे सांगते.

बाकी काय काय होत होतं ते मी कधी एकत्र जोडून बघितलंच नव्हतं. सकाळी डोकं जड, दुखायचं, नऊ-दहापर्यंत आपोआप जायचं. रात्री तीन तीनदा लघवीला उठायचे, म्हटलं ती लघवीची गोळी आणि वय. तोंड कोरडं पडायचं. दुपारी तीन वाजता काउंटरवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे, एकदा तर नोटा मोजता मोजता डुलकी लागली आणि संध्याकाळी कॅश जुळेना, दोन हजार कमी, माझ्या पगारातून भरले. चिडचिड एवढी की मुलगा माझ्याशी बोलताना आधी माझं तोंड बघायचा. हे सगळं मी मेनोपॉजच्या खात्यावर टाकलं होतं. आपल्याकडे पन्नाशीच्या बाईच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर असतं ना, वय झालं, होणारच.

लग्न झाल्यावर जाऊने मला सोडलंच नाही, दर दोन दिवसांनी फोन, "ताई, गेलात का?" शेवटी सांगलीला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी रेकॉर्डिंग ऐकलं, पूर्ण ऐकलं, मधे बोलले नाहीत. मग टेप घेऊन माझी मान मोजली, ३९ सेंटिमीटर भरली. तोंड उघडायला लावून घसा बघितला, हनुवटी बाजूने बघितली. आणि आठ प्रश्न विचारले, घोरता का, दिवसा थकवा येतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी बघितलाय का, बीपी आहे का, आणि मग वजन, वय, मान आणि बाई की पुरुष. टोरंटोमध्ये ऑपरेशनच्या आधी पेशंट तपासण्यासाठी २००८ साली ही यादी तयार झाली म्हणे, आता जगभर हीच वापरतात. दोन मिनिटं लागतात. कागद, रक्त, मशीन काही लागत नाही. आठातला एक प्रश्न तर बीपीचाच आहे!

मी त्यांना म्हटलं, डॉक्टर पण मी काही फार जाड नाहीये, ६८ किलो आहे. तर ते म्हणाले की आपल्याकडे बऱ्याच जणांचा जबडा लहान आणि मागे असतो, जीभेला जागाच कमी, त्यामुळे वजन थोडंसंच वाढलं तरी झोपेत घसा बंद पडू शकतो. आणि बायकांमध्ये पाळी असेपर्यंत हार्मोन्सचं थोडं संरक्षण असतं, पाळी गेल्यावर धोका वाढतो. माझं बीपी आणि माझी पाळी जाणं एकाच सुमाराला का आलं याचा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला.

स्लीप स्टडी घरीच केली. रात्री नऊला एक मुलगा पेटी घेऊन आला, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाला ती ऑक्सिजनसारखी नळी, बोटाला ऑक्सिमीटर, आणि म्हणाला, मावशी आता नेहमीसारखं झोपा. झोप कुठली लागतेय असं वाटलं पण लागली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तासाला ३८ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. (दहा सेकंद किंवा जास्त थांबला तरच तो धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर गंभीर.) सगळ्यात लांब थांबलेला श्वास ५२ सेकंद. आणि ऑक्सिजन सगळ्यात खाली गेला तो ७३ ला.

७३ हा आकडा बघून ह्यांच्या हातातला कागद थरथरला. कोरोनाच्या वेळी आम्ही दोघं सासऱ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायचो, ९४ च्या खाली गेलं की गावभर फोन, बेड कुठे मिळतोय बघा. आणि इथे माझा ऑक्सिजन रोज रात्री ७३ ला जाऊन येत होता, हे शेजारी झोपलेले असताना, आणि आम्हाला दोघांनाही पत्ता नाही.

त्याच आठवड्यात २४ तासांचं बीपीचं मशीन पण लावलं होतं. दंडाला पट्टा, कमरेला छोटी डबी, दिवसा वीस मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासाने आपोआप फुगतं. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. साधारण माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली येतं, आलेखात रात्रीच्या जागी खळगा दिसतो. माझ्या आलेखात खळगा नव्हताच, उलट टेकडी होती. दिवसाची सरासरी १५२/९२ आणि रात्रीची १५८/९४. डॉक्टर म्हणाले, तुमच्या तिन्ही गोळ्या दिवसभर बीपी खाली ओढतायत आणि रात्री तुमचा घसा ते परत वर ढकलतोय.

नक्की होतं काय ते मी त्यांना तीन वेळा विचारून घेतलं, आता मला जसं समजलं तसं सांगते. झोप लागली की सगळे स्नायू सैल पडतात तसे घशाचेही पडतात, जीभ मागे जाते, घसा अरुंद होतो, तेव्हा हवा जाताना जो फडफडण्याचा आवाज येतो ते घोरणं. अजून अरुंद झाला की पूर्ण बंद. आता छाती आणि पोट श्वास घ्यायला जोर लावतायत पण हवा आतच जात नाही, जसं आपण नाक तोंड दाबून श्वास घ्यायचा प्रयत्न करावा. ऑक्सिजन उतरायला लागतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ एक बारीकसा अवयव असतो जो रक्तातला ऑक्सिजन सतत बघत असतो, तो मेंदूला धोक्याची घंटा देतो. मेंदू अंगातली सगळी ताकद गोळा करतो, अंधारात साप दिसल्यावर होतं तसं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि माणसाला दोन तीन सेकंद जाग आणतो. ती जाग एवढी छोटी असते की सकाळी आठवत नाही. घसा उघडतो, हवा आत, हृदय धडाधडा चालतं आणि आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलतं, त्या क्षणाला बीपी उसळी मारतं. मग परत झोप, परत घसा बंद. माझ्या हिशोबाने, मी कॅशियर आहे म्हणून हिशोब केला, तासाला ३८ म्हणजे सात तासांच्या झोपेत २६६ वेळा. रात्रीत २६६ वेळा साप दिसल्यावर कुणाचं बीपी उतरेल?

मला पटत नव्हतं ते एकच, की हे रात्रीचं झालं, मग दिवसा बीपी का? जागेपणी तर माझा श्वास चालूच असतो. तर शरीराला म्हणे ती सवयच लागते. १९९५ साली अमेरिकेत संशोधकांनी अशा पेशंटच्या पायाच्या नसेत बारीक सुई घालून रक्तवाहिन्या आवळणारे संदेश मोजले होते, आणि पेशंट टक्क जागा असताना, नीट श्वास घेत असतानासुद्धा ते संदेश इतरांपेक्षा खूप जास्त निघाले. घंटा बंदच होत नाही, दिवसाही वाजत राहते. वर किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागते. मी जेवणातलं मीठ काढत होते आणि माझं शरीर आत ते जपून ठेवत होतं, हे ऐकल्यावर मला खरंच रडू आलं क्लिनिकमध्ये. पाच वर्षं मला वाटत होतं की मीच कुठेतरी कमी पडतेय.

आणि ते रात्रीचं लघवीला उठणं? तेही ह्यातूनच. बंद घशाच्या विरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, हृदयाला वाटतं रक्त फार झालं, ते एक हार्मोन सोडतं आणि किडनी लघवी तयार करते. झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन (त्याचं पुढे सांगते) लावल्यापासून मी रात्री एकदा उठते, कधी कधी उठतही नाही. पन्नाशीच्या पुढच्या किती बायका आणि पुरुष हे साखर नाहीतर प्रोस्टेट म्हणून तपासत फिरत असतील.

घरी आल्यावर मी वाचत बसले, मुलाने बरंच शोधून दिलं. सगळ्यात जास्त माझ्या मनात बसला तो टोरंटोमधला १९९७ चा कुत्र्यांवरचा प्रयोग. कुत्री झोपली की यंत्र त्यांचा श्वासमार्ग बंद करायचं, जाग आली की उघडायचं, असं कित्येक आठवडे. त्यांचं रात्रीचं तर वाढलंच पण दिवसाचंही बीपी वाढलं. मग दुसरा प्रकार केला, श्वास न अडवता नुसतीच झोपमोड केली, तेव्हा रात्रीचं बीपी वाढलं पण दिवसाचं नाही. आणि श्वास अडवणं थांबवल्यावर वाढलेलं बीपी परत खाली आलं. मुक्या जनावरांना असं केलं हे वाचताना वाईट वाटलं, पण वजन, वय, मीठ, टेन्शन ही सगळी कारणं एका फटक्यात बाजूला पडली ना त्याने, कुत्र्याला काय पतसंस्थेचं टेन्शन असतं?

मग माणसांचा पुरावा विस्कॉन्सिनमधून आला, २००० साली. ७०९ जणांना चार वर्षं बघितलं. सुरुवातीला ज्यांचा श्वास तासाला १५ किंवा जास्त वेळा थांबत होता त्यांच्यात चार वर्षांनी बीपी असण्याची शक्यता अजिबात श्वास न थांबणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे आधी श्वास, मग बीपी. २००३ मध्ये अमेरिकेच्या बीपीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, ज्या कारणांचा शोध घेता येतो त्यांच्या यादीत स्लीप अ‍ॅप्निया आलं. आणि मला गोळ्या सुरू झाल्या २०२० मध्ये. सतरा वर्षं झाली होती ती यादी येऊन.

आपल्या मुंबईतही अभ्यास झालाय. हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाचे पुरुष तपासले, २००४ मध्ये ते छापून आलं. १९.५ टक्के पुरुषांत झोपेतला श्वासाचा बिघाड निघाला आणि दिवसा झोप येण्याच्या त्रासासकट धरलं तर ७.५ टक्के. म्हणजे दर पाचातल्या एकाला बिघाड. फार महत्त्वाचं काम आहे ते, पण वाचताना मला एवढंच वाटलं की यात आम्ही नाही, फक्त पुरुष आहेत. २०२२ ला बप्पी लाहिरी गेले तेव्हा टीव्हीवर स्लीप अ‍ॅप्निया हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता, तेव्हाही माझ्या डोक्यात हेच आलं की जाड पुरुषांचा आजार दिसतोय. माझा स्वतःचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

कारण बाई घोरते हे कोणी बोलतच नाही. पुरुष घोरतो तर सगळं घर त्यावर हसतं, त्याला दुसऱ्या खोलीत पाठवतात, बायको तक्रार करते आणि त्या तक्रारीमुळे का होईना तो डॉक्टरकडे जातो. बाईचं घोरणं लाजेचं. ह्यांना मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तर माहीत होतं. पाच सहा वर्षं. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," म्हणाले. आणि मग जरा थांबून म्हणाले, "तू मधेच घोरायची थांबायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, चला, आता शांत झोपली." त्या शांततेत माझा श्वास बंद असायचा. ह्या माणसाचा जीव आहे माझ्यावर, मला माहितीये, त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये. पण ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

माझी आईही घोरायची. आमच्या घरात त्याला गाढ झोप म्हणायचे, दिवसभर राबते ना बिचारी, पडली की डाराडूर. तिला बीपी होतं आणि ६३ व्या वर्षी पहाटे तिला अर्धांगाचा झटका आला, त्यातून ती उठली नाही. कारण काय होतं ते आता कोणीच सांगू शकणार नाही. पण घोरणं म्हणजे गाढ झोप हे आता माझ्या घरात मी कुणाला बोलू देत नाही.

मशीनचं सांगते. सीपॅप. ते ऑक्सिजन देत नाही, बऱ्याच जणांना तसं वाटतं. साधी खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत सोडतं, आणि तो दाब घशाला आतून उघडं धरतो, बस. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्युम क्लीनरच्या पंख्यासारखा ब्लोअर वापरून हे बनवलं, १९८१ मध्ये पहिल्या पाच पेशंटचा अनुभव छापला. त्याच्या आधी गंभीर पेशंटला उपाय काय होता माहितीये? गळ्याला भोक पाडून नळी घालणं. हे वाचल्यापासून मी त्या नाकावरच्या मास्कबद्दल तक्रार करायची बंद केली.

पण पहिले आठ दहा दिवस त्रास झाला, खोटं कशाला सांगू. रात्री एक वाजता जाग यायची, मास्क हातात. बाजूने हवा निसटून डोळ्यात जायची, नाकावर लाल वळ उठायचे, नाक कोरडं. मग त्या मुलाने येऊन दुसऱ्या मापाचा मास्क दिला, पाण्याचं भांडं जोडून दिलं (त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आपलं बोअरचं नाही, क्षार धरतात) आणि मला एक युक्ती सांगितली की संध्याकाळी सिरियल बघताना मास्क लावून बसा, नुसतं, झोपायचं नाही. आठवडाभर तसं केलं आणि सवय झाली. पहिला महिना मशीन भाड्याने घेतलं, साडेतीन हजार, नंतर ४२ हजारांना विकत घेतलं, मेडिक्लेममध्ये बसलं नाही. पैसे जास्त आहेत, हे मला मान्य आहे, आम्हाला ते मुदत ठेव मोडून द्यावे लागले. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरवर प्लग घेतलाय.

आणि ती टेन्शनची अर्धी गोळी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. तसल्या गोळ्यांनी घशाचे स्नायू अजून सैल पडतात आणि मेंदूची जागं करायची ताकद कमी होते. म्हणजे बुडणाऱ्या माणसाला कोणी वर ओढत असेल तर त्याचाच हात धरून ठेवायचा. दारूचंही तेच, झोपायच्या आधी घेतली की घोरणं वाढतं हे ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत असेलच.

आता बीपी. इथे मी जपून लिहिणार आहे, कारण मला कुणाला खोटी आशा लावायची नाहीये. सीपॅप म्हणजे बीपीचं औषध नाही. सरासरी काढली तर बीपी दोन तीन आकड्यांनीच उतरतं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या पेशंटवर स्पेनमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१३ चा, १९४ लोक, त्यात २४ तासांची सरासरी तीन आकड्यांच्या आसपास जास्त उतरली, आणि ज्यांनी मशीन जास्त तास लावलं त्यांचं जास्त उतरलं, शिवाय बऱ्याच जणांचा रात्रीचा खळगा परत आला. आणि २०१६ चा एक मोठा अभ्यास, २,७०० च्या आसपास हृदयाचे नाहीतर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पेशंट, त्यात मशीनमुळे हार्ट अटॅक किंवा लकवा कमी झालेला दिसला नाही. पण त्यात लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं. रात्र सात तासांची आणि मशीन सव्वातीन तास, अर्धी रात्र तर घसा बंदच ना.

माझं काय झालं ते सांगते, एकटीचा अनुभव म्हणूनच घ्या. मी रोज साडेसहा तास लावते. तीन महिन्यांनी सकाळचं बीपी १३२ ते १३८ च्या मधे यायला लागलं. अम्लोडिपिन दहाची पाच झाली, पायाची सूज गेली. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू आहे. साडेचार किलो वजनही उतरलंय, दिवसा झोप येत नाही म्हणून संध्याकाळी चालायला जाते, त्याचाही वाटा असणार, सगळं श्रेय मशीनला देता येत नाही. २४ तासांचा आलेख परत काढला. खळगा फार खोल नाही, आठ टक्के, पण आहे. डॉक्टरांनी त्याच्यावर बोट ठेवून दाखवला तो मला. आणि कोणी मशीन घेतलं आणि आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या असं कृपा करून करू नका.

ज्यांना सौम्य आहे त्यांना मशीनच लागतं असंही नाही. कुशीवर झोपणं, वजन, काही जणांना दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारी क्लिप, असे इतर मार्ग आहेत. त्यात मी जात नाही, माझा अनुभव नाही. मला एवढंच म्हणायचंय की तीन गोळ्या खाऊन ज्यांचं बीपी हटत नाही, आणि ज्यांचं सकाळी जास्त असतं, त्यांनी चौथ्या गोळीच्या आधी कुणालातरी आपली झोप ऐकायला सांगा.

आणि इथेच माझा जीव अडकलाय. माझं रेकॉर्डिंग झालं कारण वीस बायकांमध्ये झोपले होते आणि शेजारी माझी जाऊ होती. माझी थोरली बहीण मिरजेला असते, अक्का. ६१ वर्षांची. भावजी गेल्याला नऊ वर्षं झाली, मुलगा बंगळूरला, ती मागच्या खोलीत एकटी झोपते. बीपीच्या चार गोळ्या चालू आहेत तिला. परवा फोनवर बोलता बोलता सहज विचारलं, अक्का, सकाळी डोकं दुखतं का गं? म्हणाली, "दुखतं की, चहा घेतला की जातं." रात्री किती वेळा उठतेस? "तीन चारदा, आता ह्या वयात काय." दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागतो का? तर हसली, म्हणाली, "तुला कसं माहीत?" घोरतेस का विचारलं तर म्हणाली, "मला कोण सांगणार बाई?"

शनिवारी पतसंस्था सुटली की मी मिरजेला मुक्कामाला जातेय. तिला सांगितलंय, नुसती भेटायला येते. पहिली रात्र मी मशीन लावणार नाही, झोपणारच नाही, तिच्या शेजारी गादी टाकून फोन घेऊन बसणार आहे. जाऊ म्हणाली, ताई, उशापासून हातभर लांब ठेवा फोन, म्हणजे श्वास नीट ऐकू येतो, आणि आवाज थांबला की घड्याळाकडे बघा.